मूत्रपिंडाचे अंशछेदन आणि रक्तस्रावाचा बंदोबस्त

मनुष्यदेहातील दोन्ही मूत्रपिंडे तराजूत एकत्र घातली तरी त्यांचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. परंतु हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर लोटते त्याचा सुमारे एक-पंचमांश हिस्सा, म्हणजे एक लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त, या दोन लहानशा अवयवांच्या वाट्यास जाते. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण जेवढे रक्त असते, जवळजवळ तेवढे एकट्या एका मूत्रपिंडातून दहा मिनिटांत वाहून जाते. अशा रक्ताने ओथंबलेल्या अवयवातून अर्बुद तेवढे निःशेष कापून काढावयाचे, उरलेला भाग जिवंत व कार्यक्षम ठेवावयाचा, आणि या खटाटोपात रुग्णाचे रक्त वाया जाऊ द्यावयाचे नाही, अशी तिहेरी अट अंशछेदन करणाऱ्या शल्यविशारदावर असते. यांपैकी तिसरी अट सर्वांत निकडीची भासते हे साहजिक आहे, कारण रक्त डोळ्यांना दिसते; परंतु ती पुरी करण्याच्या भरात दुसरी अट नकळत कशी मोडली जाते, हाच या विषयाचा गाभा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत असून, रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत त्याचा निकाल कोणत्या दिशेने लागत आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास वाटतो तेवढा अर्वाचीन नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमोन याने १८६९ च्या ऑगस्ट महिन्यात, आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, एक संपूर्ण मूत्रपिंड योजनापूर्वक काढून दाखविले आणि माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो हे सिद्ध केले. त्याच गावी व्हिन्सेंझ चेर्नी याने १८८७ मध्ये अर्बुदासाठी मूत्रपिंडाचा केवळ एक भाग छेदिला. म्हणजे दोन दशकांच्या आत पूर्णछेदन व अंशछेदन अशा दोन्ही वाटा खुल्या झाल्या होत्या. तथापि दुसऱ्या वाटेने जाण्यास पुढे कित्येक दशके फारसे कोणी धजले नाही, आणि त्याचे कारण मुख्यतः रक्तस्राव, तसेच छेदानंतर होणारी मूत्राची गळती, हेच होते. १९६० च्या दशकात टोरांटोच्या रॉबसन यांनी कर्करोगासाठी भोवतालच्या चरबीसह संपूर्ण मूत्रपिंड काढून टाकण्याच्या पद्धतीची पद्धतशीर मांडणी केली, आणि पुढील पिढीने ती जवळपास कायद्यासारखी पाळली. हा कायदा शिथिल झाला तो क्ष-किरणांच्या संगणकीय छायाचित्रणामुळे. पोटाच्या इतर तक्रारींसाठी तपासणी करताना दोन-तीन सेंटिमीटरच्या लहान गाठी अवचित सापडू लागल्या, आणि एवढ्याशा गाठीपायी सबंध अवयव गमावावा काय, हा प्रश्न रुग्ण व वैद्य या दोघांनाही पडू लागला.

या प्रश्नावर युरोपात जी मोठी यादृच्छिक चाचणी झाली, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या एकल गाठी असलेल्या ५४१ रुग्णांची पूर्णछेदन व अंशछेदन अशा दोन गटांत वाटणी करण्यात आली. एक लिटरहून अधिक रक्तस्राव होण्याचे प्रमाण पूर्णछेदनात १.२ टक्के, तर अंशछेदनात ३.१ टक्के आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या दीर्घकालीन निष्कर्षांत दहा वर्षांच्या आयुष्मानात अंशछेदनाच्या गटाला अपेक्षित लाभ दिसला नाही, उलट पूर्णछेदनाचा गट किंचित सरस दिसला, आणि या कोड्यावर अजून वाद चालू आहे. मूत्रपिंडाचे कार्य मात्र अंशछेदनात निःसंशय अधिक टिकले. खुल्या शस्त्रक्रियेच्या काळातील ही आकडेवारी आहे हे ध्यानात ठेवूनही तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: अवयव वाचविण्याची किंमत अंशतः रक्ताने मोजावी लागते, आणि ही किंमत किती खाली आणता येते त्यावर या शस्त्रक्रियेचे समर्थन बरेचसे अवलंबून राहते.

आता या अवयवातील रक्तवाहिन्यांची रचना थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे, कारण पुढील सर्व युक्त्यांचे मूळ तिच्यात आहे. महारोहिणीपासून निघालेली मूत्रपिंडाची रोहिणी नाभीकेंद्रापाशी येऊन शाखांत विभागते, आणि ग्रेव्हज या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने १९५४ मध्ये दाखविल्याप्रमाणे या शाखा मूत्रपिंडाचे पाच स्वतंत्र खंड पोसतात. या शाखा परस्परांना मिळत नाहीत. खानदेशातल्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यावर एका फडाचा पाट बंद केला असता तोच फड कोरडा पडतो आणि शेजारचे पाणी त्याच्या मदतीला येत नाही, तशी येथील व्यवस्था आहे. त्यामुळे एक शाखा दाबून धरली तर नेमका तेवढाच खंड रक्तहीन करता येतो, आणि हीच शाखा चुकून टाक्यात सापडली तर तेवढाच खंड कायमचा मरतो. नीलांचे मात्र असे नाही. त्या आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या असल्याने एखादी बांधली तरी रक्त दुसऱ्या वाटेने निघून जाते. ब्रोडेल या चित्रकार-संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी, पुढील व मागील शाखांच्या इलाख्यांमधील विरळ रक्तवाहिन्यांची पट्टी शल्यविशारदांना ठाऊक असते. परंतु अर्बुद कोठे उगवावे हे शल्यविशारदाच्या हाती नसल्याने तिचा उपयोग दरवेळी होतोच असे नाही. याहून महत्त्वाची गोष्ट ही की सुमारे एक-चतुर्थांश माणसांत एकाच मूत्रपिंडाला एकाहून अधिक रोहिण्या असतात. मुख्य रोहिणी दाबली, नीलाही दाबली, आणि वरच्या टोकाला जाणारी एक बारीक जादा रोहिणी नजरेतून सुटली, म्हणजे रक्त आत येत राहते, बाहेर जाण्याची वाट बंद असते, अवयव फुगतो आणि छेदातून भळभळा वाहू लागतो. रोहिणीच्या टप्प्यातील चांगले सी.टी. छायाचित्र शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदाने स्वतः बसून पाहिले पाहिजे, केवळ अहवाल वाचून भागत नाही, असा जो आग्रह जाणते लोक धरतात त्याचे कारण हे आहे. गाठीचा आकार, खोली, नलिकाव्यूहापासूनचे अंतर यांवरून अवघडपणाचे गुण देण्याच्या ‘रीनल’ व ‘पॅडुआ’ या गुणपद्धती २००९ पासून प्रचारात आहेत आणि त्या उपयुक्तही आहेत. मात्र रोहिण्यांची संख्या त्या गुणांत धरलेली नाही, हे विसरता कामा नये.

रोबोचा प्रवेश या क्षेत्रात नव्या शतकाबरोबर झाला. १९९३ मध्ये दुर्बिणीतून पहिले अंशछेदन झाले होते. पण सरळ, ताठ उपकरणांनी पोटाच्या पोकळीत टाके घालणे इतके कष्टाचे होते की ही कला मोजक्या हातांपुरती राहिली. अमेरिकेत २००० मध्ये ‘दा विंची’ यंत्राला शासकीय मान्यता मिळाली आणि २००४ मध्ये गेटमन व सहकाऱ्यांनी तेरा रुग्णांतील रोबो-साहाय्यित अंशछेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यंत्र स्वतः होऊन काही करीत नाही. कन्सोलवर बसलेल्या शल्यविशारदाच्या बोटांची हालचाल ते रुग्णाच्या पोटातील उपकरणांपर्यंत पोचविते, इतकेच. परंतु त्या उपकरणांना मनगट आहे, आणि वाकडी सुई ज्या वर्तुळाकार मार्गाने ऊतकातून गेली पाहिजे त्या मार्गाने तिला नेण्याचे सामर्थ्य त्या मनगटात आहे. रोबोने रक्तस्राव कमी केला असे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. त्याने टाका सुकर केला, आणि टाक्याने रक्त थांबविले.

रक्त थांबविण्याचा सर्वांत जुना व निर्णायक उपाय म्हणजे छेदापूर्वी रोहिणीवर क्लॅम्प लावणे. ‘बुलडॉग’ नावाचे छोटे क्लॅम्प रोबोच्या हातानेच लावता येतात, त्यामुळे पूर्वीसारखे टेबलापाशी उभ्या असलेल्या सहायकाच्या भरवशावर राहावे लागत नाही. क्लॅम्प लागला की शस्त्रक्रियेचे क्षेत्र कोरडे होते, अर्बुदाची कड स्पष्ट दिसते आणि कात्री निर्धास्त चालते. पण त्या क्षणापासून घड्याळही चालू होते. देहाच्या उष्णतेत रक्तावाचून राहिलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी एकेक मिनिटाने थकत जातात. खुल्या शस्त्रक्रियेत अवयवाभोवती बर्फाचा चुरा पसरून ही मुदत वाढविता येत असे. बंद पोटात बर्फ नेण्याचे प्रयोग झाले, पण ते सर्वमान्य झाले नाहीत. तेव्हा मुदत किती, हा वाद पेटला.

मेयो व क्लीव्हलँड येथील दप्तरांतून, एकच मूत्रपिंड असलेल्या ३६२ रुग्णांचा जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने प्रत्येक मिनिट महत्त्वाचे आहे असा निर्णय दिला आणि पंचवीस मिनिटांची मर्यादा सुचविली. या निर्णयाचा अंमल विलक्षण झपाट्याने झाला. शल्यविशारद घड्याळाकडे पाहून टाके घालू लागले. आतील थर शिवून होताच क्लॅम्प काढण्याची पद्धत रूढ झाली. आणि भारतीय वंशाचे इंदरबीर गिल यांनी लॉस एंजेलिस येथून २०११ मध्ये त्याही पुढे जाऊन, अर्बुदाला जाणाऱ्या तेवढ्याच सूक्ष्म शाखा शोधून बंद कराव्यात आणि उर्वरित अवयवाचे रक्त एक क्षणही अडवू नये, असा ‘शून्य अरक्तते’चा पक्ष मांडला. या पक्षाच्या मदतीला इंडोसायनीन ग्रीन हा हिरवा रंग आला. १९५९ पासून यकृत व हृदय यांच्या तपासण्यांत वापरला जाणारा हा पदार्थ शिरेतून दिला असता निकट-अवरक्त प्रकाशात चमकतो; निवडलेली शाखा दाबून तो दिला की रक्त पोचणारा भाग हिरवा उजळतो आणि दाबलेला खंड काळा राहतो, त्यामुळे कात्री लावण्यापूर्वीच बंदोबस्त योग्य जागी झाला आहे की नाही याची रुजुवात होते. नाभीकेंद्रातील बारीक शाखांमध्ये खोल शिरून असे विच्छेदन करताना स्वतः एखादी शाखा फाडण्याचा धोका असतोच, आणि तो पत्करण्यास सर्वांचेच हात सारखे सिद्ध नसतात.

पण नंतरचे संशोधन या उत्साहाला फारसे अनुकूल ठरले नाही. २०१० चा अभ्यास करणाऱ्या गटानेच २०१२ मध्ये आपली आकडेवारी पुन्हा तपासली, आणि किती मूत्रपिंड उरले व ते आधीपासून किती निरोगी होते या दोन गोष्टी हिशेबात धरल्यावर मिनिटामिनिटाचे महत्त्व बरेच ओसरले. पंचवीस मिनिटांच्या पुढचा काळ तेवढा चिंतेचा राहिला. आपलाच गाजलेला निष्कर्ष दोन वर्षांत स्वतः सौम्य करण्याचे हे उदाहरण वैद्यकात दुर्मीळ असून, ज्या आदराने पहिला निबंध उद्धृत होतो त्या आदराने दुसरा होत नाही याची खंत वाटते. पुढे इटलीतील ‘क्लॉक’ या चाचणीत ३२४ रुग्णांना क्लॅम्पसह व क्लॅम्पविना रोबो-साहाय्यित अंशछेदन अशा दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने वाटण्यात आले, आणि मूत्रपिंडाच्या कार्यात दोहोंत तफावत आढळली नाही. शिवाय क्लॅम्पविना ठरलेल्या गटातील बऱ्याच रुग्णांत आयत्या वेळी क्लॅम्प लावावा लागला, ही गोष्टही बोलकी आहे. ज्यांची दुसरी बाजू निरोगी आहे अशा रुग्णांपुरता हा फैसला आहे; एकाच मूत्रपिंडाच्या किंवा आधीच क्षीण झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लागू करू नये. परंतु सामान्य रुग्णाच्या बाबतीत वीस मिनिटांच्या आतील, नीट लावलेला मुख्य रोहिणीचा क्लॅम्प हा काही गुन्हा नव्हे, आणि मिनिटे वाचविण्याच्या स्पर्धेत रक्ताने भरलेल्या क्षेत्रात आंधळेपणाने कापणे हा मात्र गुन्हा ठरू शकतो, असे आता निर्भयपणे म्हणता येते.

मिनिटांवरून लक्ष हटले ते टाक्यावर स्थिरावले. मूत्रपिंड शिवणे हे कातडी शिवण्यासारखे नाही; ते मऊ, ठिसूळ असते, धागा ओढला की तो ऊतक कापीत जातो. २००९ मध्ये सेंट लुईस येथील बेनवे व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत धाग्याच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे क्लिप लावून, ते क्लिप धाग्यावरून सरकवीत आवरणापर्यंत आणले जातात. त्यामुळे गाठ न मारता ताण हवा तेवढा ठेवता येतो, आणि तो धाग्याच्या रेषेत न पडता क्लिपच्या पृष्ठभागावर पसरतो. काटेरी धागे आल्यापासून आतील थर अखंड धाग्याने भराभर शिवता येतो. यंत्राच्या जुन्या पिढ्यांत हाताला ताण जाणवत नाही. आवरणावर पडणारी खळी पाहून डोळ्याने तो ओळखावा लागतो, आणि ही नजर तयार होण्यास काळ लागतो. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या यंत्रात स्पर्शाचा काही प्रत्यय देण्याची सोय झाली आहे. तिने टाका सुधारतो की नाही हे अनुभवाअंती ठरेल.

परंपरेने शिवण दुहेरी असते: आतला थर उघड्या रक्तवाहिन्या व मूत्रनलिकांची तोंडे बंद करतो, आणि बाहेरचा थर छेदाच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढून खड्डा बुजवितो. हा बाहेरचा थर पाहणाऱ्याला फार समाधान देतो. खड्डा दिसेनासा होतो आणि अवयव पुन्हा सुबक दिसू लागतो. परंतु कडा ओढल्या जातात त्या त्यांच्या खालच्या जिवंत ऊतकाला चेपीत, आणि खोल घेतलेला टाका शेजारच्या निर्दोष शाखेला वेढून बसतो. अर्बुदाबरोबर गेलेले ऊतक आणि टाक्यांखाली मेलेले ऊतक यांचा हिशेब मांडला तर दुसरी रक्कम पहिलीच्या तोडीची, प्रसंगी तिच्याहून मोठी निघते. म्हणून आतला थर काळजीपूर्वक घालावा आणि बाहेरचा थर जमेल तेथे वगळावा, या मताला अलीकडे बळ येत आहे. तौलनिक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणांतही एकेरी शिवणीने कार्य अधिक टिकते असा कल दिसतो. अर्बुदाच्या खोट्या आवरणाला धरून ते सोलून काढण्याची पद्धत याच विचाराची आहे, कारण त्या पातळीवर मोठ्या वाहिन्या फारशा भेटतच नाहीत आणि ज्या भेटतात त्या एकेक करून बंद करता येतात. कर्करोगाची कड सुटण्याची धास्ती असल्याने ही पद्धत निवडक गाठींपुरतीच ठेवावी, हे सावध मतही गैर नाही.

रक्त साखळविणारी द्रव्ये, म्हणजे जिलेटिन व थ्रॉम्बिनचा लगदा, फायब्रिनचा गोंद, ऑक्सिडीकृत सेल्युलोजचे जाळे, यांविषयी थोडक्यात सांगता येईल. झिरपणारे रक्त ती आटोक्यात आणतात. धमकणारी रोहिणी त्यांना जुमानत नाही. चांगल्या शिवणीवर त्यांनी भर घातल्याचा पुरावा कमकुवत असून त्यांची किंमत मात्र भक्कम आहे. शिवाय सेल्युलोजचे जाळे आत राहिले तर महिन्यानंतरच्या सी.टी. मध्ये हवेचे बुडबुडे अडकलेल्या गळवासारखे दिसते, तेव्हा ते वापरल्याची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात अवश्य असावी. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी क्लॅम्पपूर्वी मॅनिटॉल देण्याची दीर्घ प्रथा होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, निरोगी मूत्रपिंडांच्या रुग्णांना तिचा काहीही उपयोग दिसला नाही, आणि ती सोडून देण्यास आता हरकत नसावी. ट्रॅनेक्झॅमिक अम्लाचे प्रकरण निराळे आहे. ‘पॉइज-३’ या २०२२ मधील चाचणीत, हृदयेतर शस्त्रक्रियांच्या ९५३५ रुग्णांत, त्याने गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आणले. हृदय व मेंदूच्या दृष्टीने ते पूर्ण निर्धोक असल्याचे मात्र त्या चाचणीला ठरविलेल्या कसोटीवर सिद्ध करता आले नाही. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाच्या ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलचा निर्णय शल्यविशारदाने परस्पर घेऊ नये. हृदयरोगतज्ज्ञाशी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मसलत करूनच तो घ्यावा.

इतकी तयारी असूनही टेबलावर रक्त उसळलेच, तर प्रथम पोटातील वायूचा दाब पंधरावरून वीस मिलिमीटरपर्यंत तात्पुरता वाढवावा, त्याने नीलांचे रक्त दबते; रक्त लाल व उड्या मारणारे असेल तर क्लॅम्प पुरा बसला आहे काय आणि दुसरी रोहिणी सुटली आहे काय हे पाहावे; आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या सहायकाने शोषनळी व दाब यांनी क्षेत्र दृश्यमान ठेवावे. या सहायकाचा उल्लेख निबंधांत क्वचितच येतो. कन्सोलवरचा शल्यविशारद निर्जंतुक क्षेत्राच्या बाहेर, काही पावले दूर बसलेला असतो. पहिली दोन मिनिटे रुग्णाचा जीव खरोखर या सहायकाच्या हाती असतो. पोट उघडण्याची मुभा व साहित्य सदैव तयार असावे, आणि तशी वेळ आल्यास ती नामुष्की मानू नये.

शेवटी, उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाकडे वळले पाहिजे. तो शंभरात एक-दोन रुग्णांनाच होतो, पण शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर होतो. अर्धवट कापली गेलेली किंवा सुईने टोचलेली रोहिणी साखळलेल्या रक्ताने तात्पुरती बंद होते. तिच्याभोवती खोट्या भिंतीची एक फुगवटी तयार होते. आणि साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास, रुग्ण घरी जाऊन हिंडूफिरू लागल्यावर, ती मूत्रनलिकेत फुटते. लघवी लाल होते, गाठी पडतात, कधी रुग्णाला भोवळ येते. त्यावरचा उपाय आता चांगला रुजला आहे: मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी आत नेऊन फुटलेली शाखा नेमकी बुजविणे. बहुसंख्य रुग्णांत तो यशस्वी होतो आणि मूत्रपिंड वाचते. मात्र तो करणारे किरणतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत, आणि मुंबई-पुण्यात रोबोने शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण चौथ्या दिवशी आपल्या तालुक्याला परतलेला असतो. तेथील डॉक्टरांना त्याचे लाल मूत्र पाहून मूतखडा किंवा जंतुसंसर्ग यांची शंका येणे अगदी स्वाभाविक आहे, आणि प्रतिजैविकांत दोन दिवस गेले तर ते फार महाग पडतात. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना विनंती अशी की घरी सोडतानाच्या कार्डावर, रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत, महिनाभरात लघवी लाल झाल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे आणि कोठे यावे हे ठळक लिहून द्यावे. आणि तालुक्याच्या डॉक्टरांना विनंती अशी की असा रुग्ण समोर आल्यास शिरेतून द्रव चालू करून, रक्तगट तपासून, त्याला त्याच दिवशी पुढे पाठवावे.